शब्दांची हद्द



२८ मार्च १९९५ या दिवशी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ या क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. अर्जदार मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील सुमन दास आणि हरिहर कोहली हे दोन भारतीय वंशाचे संशोधक. शोधाचा विषय, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. सत्तरीतल्या कोणत्याही कुळागरात कोयता हातावर बसला की घरातील बाई पहिल्यांदा हळदीच्या डब्याकडे धावते. शिंपण्याला आलेल्या पोरालाही जे ठाऊक, ते शोध म्हणून नोंदले गेले, ही बातमी इकडे पोचताच मोठा क्षोभ झाला आणि 'हळदीचे पेटंट' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रूढ झाला.

क्षोभ रास्त होता. शब्दप्रयोग मात्र चुकीचा होता. हळदीचे पेटंट कोणालाही मिळाले नव्हते. चतुर्थीच्या पातोळ्या हळदीच्या पानात उकडण्यास अमेरिकेतही कोणाची हरकत येणार नव्हती, आमटीत चिमूटभर हळद टाकणाऱ्यावर दावा लागणार नव्हता. मग मिळाले होते ते काय? याचे उत्तर त्या दस्तऐवजाच्या शेवटी असलेल्या सहा वाक्यांत होते, आणि संतापलेल्यांपैकी फारच थोड्यांनी ती वाक्ये वाचली होती. आजच्या व्याख्यानाचा विषय ती वाक्ये हाच आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे काय काम, असे कोणास वाटेल. पण शब्दाच्या नेमक्या अर्थावर कोट्यवधींचे व्यवहार अवलंबून असावेत अशी क्षेत्रे थोडी, आणि हे त्यांपैकी एक आहे.

पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेतील 'एकस्व', हा शोधक आणि समाज यांच्यातील करार होय. शोधकाने आपली युक्ती उघड करून सांगावी आणि त्या बदल्यात ठराविक मुदतीपुरता, आज सामान्यतः २० वर्षांपुरता, इतरांना ती वापरण्यापासून रोखण्याचा अधिकार घ्यावा. या कराराचा कागद दोन भागांचा असतो. पहिल्या भागात शोधाचे वर्णन येते: पूर्वी काय होते, अडचण कोणती होती, ती कशी दूर केली. हा भाग ऐसपैस असतो. दुसऱ्या भागात येतात दावे. आपल्याकडील १९७० च्या पेटंट कायद्याचे दहावे कलम सांगते की, विनिर्देशाची अखेर शोधाची व्याप्ती निश्चित करणाऱ्या दाव्याने वा दाव्यांनी झाली पाहिजे. वर्णनात कितीही सांगितले, तरी दाव्यात जे आले नाही त्यावर शोधकाचा हक्क नाही. जमिनीच्या खरेदीखतात जागेची कितीही वाखाणणी असो, मामला उभा राहिला की वाचली जाते ती चतुःसीमा. फरक एवढाच की, जमिनीला ओहोळ असतो, दगडी गडगा असतो, खुंट पुरता येतो. शोधाला जमीनच नाही. त्याचा गडगा शब्दांचाच.

दावा लिहिणे किती अवघड असते हे घरगुती उदाहरणाने पाहणे सोयीचे. गोमंतकात जिला आदोळी म्हणतात आणि घाटावर विळी, ती अजून कोणी शोधलीच नाही अशी कल्पना करावी. पहिल्या शोधकाने दावा लिहिला: 'फणसाच्या लाकडाच्या पाटावर बसवलेले, टोकाला दातेरी चकती असलेले, वक्र पोलादी पाते.' वाक्य बिनचूक आहे, त्याच्या अंगणातल्या आदोळीचे हुबेहूब चित्र आहे. पण शेजाऱ्याने उद्या सागवानाचा पाट घेतला की तो मोकळा. तिसऱ्याने लोखंडी पट्टीवर पाते बसवले, तोही मोकळा. दाव्यातील 'फणसाच्या' या एका शब्दाने शोधकाचे दिवाळे काढले. नवख्या माणसास वाटते की जितके अधिक शब्द तितकी अधिक मालकी. येथे हिशेब उलटा आहे. दाव्यात शिरणारे प्रत्येक विशेषण ही एक अट असते आणि प्रत्येक अटीगणिक हद्द आत सरकते.

तर मग शब्द कमी करावेत. 'आधारावर बसवलेले धारदार पाते' एवढाच दावा करावा. आता सागवान, लोखंड, सारे आत आले. परंतु त्यांच्याबरोबर चांभाराची रांपी आली, न्हाव्याचा वस्तरा आला, मुठीत बसवलेली साधी सुरीही आली. या वस्तू आधीपासून जगात आहेत. जे आधीच आहे ते व्यापणारा दावा नावीन्याच्या कसोटीवर टिकत नाही, आणि तो पडला की त्याबरोबर खरा शोधही हातचा जातो.

हे सर्व आपल्या परंपरेला अपरिचित नाही. न्यायशास्त्राने 'लक्षणा'चे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत आणि तर्कसंग्रहाच्या विद्यार्थ्यांना ते गाईच्या उदाहरणाने पाठ असतात. कपिल वर्णाची ती गाय, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. शिंगे असलेली ती गाय, असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. एका अखंड खुराची ती गाय, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. फणसाच्या पाटाचा दावा अव्याप्त, नुसत्या पात्याचा अतिव्याप्त. पेटंट लिहिणारा वकील अन्नंभट्टाचे नाव ऐकून नसेल, पण दिवसभर तो याच दोन दोषांमधून वाट काढत असतो. एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. नैयायिकाला गाय समोर उभी दिसते आणि तो तिच्यासाठी शब्द शोधतो. वकिलाला अजून न जन्मलेली गायही व्यापायची असते, कारण प्रतिस्पर्धी उद्या कोणती पळवाट काढील हे आज कोणास ठाऊक नसते.

म्हणून दावे एकाखाली एक उतरंडीने रचले जातात. वरचा व्यापक, त्याखालचे क्रमाने अरुंद. वरचा फुटला तरी खालचा टिकावा ही त्यातील योजना. हळदीच्या पेटंटातही तसेच होते. पहिल्या दाव्याचा आशय असा: रुग्णाची जखम भरून येण्यास साहाय्य करण्याची रीत, जीत हळदीच्या पुडीच्या परिणामकारक मात्रेचाच बनलेला व्रणरोपक पदार्थ रुग्णास देणे ही मूलतः क्रिया आहे. पुढील दाव्यांत ही हळद पोटात घेण्याची, वरून लावण्याची आणि दोन्ही एकत्र करण्याची गोष्ट, तसेच शस्त्रक्रियेची जखम व शरीरावरील व्रण यांचे उल्लेख आले.

या वाक्यातील क्रियापदे फार महत्त्वाची आहेत. पेटंटाच्या इंग्रजीत जोडशब्दांच्या तीन तऱ्हा रूढ आहेत. 'कम्प्रायझिंग' म्हटले तर सांगितलेल्या गोष्टी असल्या म्हणजे पुरे, आणखी काही असले तरी चालते. हे दार उघडे असते. 'कन्सिस्टिंग ऑफ' म्हटले तर सांगितले तेवढेच, दुसरे काही नाही. हे दार बंद. आणि 'कन्सिस्टिंग इसेन्शियली ऑफ' हे अर्धवट लोटलेले दार: मूळ गुणधर्म बदलणार नाहीत अशा किरकोळ भरीला तेवढी मुभा. मराठीत या तिन्हींना सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेले नाहीत ही उणीवच म्हणायची. 'अंतर्भूत असलेले', 'केवळ अमुकचेच बनलेले' आणि 'मूलतः अमुकचे बनलेले' असे म्हणून भागवावे लागते. हळदीच्या दाव्यात पदार्थापुरता शब्द बंद दाराचा होता. केवळ हळदीची पूड. म्हणजे हळदीत चुना कालवून लेप देणारा त्या शब्दांच्या हद्दीबाहेर राहिला असता. पण त्याच बंद दारामुळे दाव्याला एक संरक्षणही मिळाले होते. हळद अधिक तूप, हळद अधिक मध, हळद अधिक आणखी चार वनस्पती असे सांगणारा कितीही जुना ग्रंथ पुढे केला, तरी 'त्यात केवळ हळद नाही' असे उत्तर तयार होते.

या पेटंटाला आव्हान देण्याचे काम वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हाती घेतले. तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्माने फोंडा तालुक्यातील माशेलचे. ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज गेला आणि त्यासोबत ३२ संदर्भ जोडले गेले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील उतारे होते, काही शंभर वर्षांहून जुने, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही होता. पेटंटधारकांचा युक्तिवाद शब्दावरच उभा होता. जुन्या ग्रंथांत लेप आहे, आमच्या दाव्यात पूड आहे. लेप आणि पूड यांचे शरीरात शोषले जाण्याचे गुण भिन्न, तेव्हा लेपाच्या ज्ञानावरून पुडीचा उपयोग कोणास खात्रीने कळला नसता. पाट्यावर हळद वाटणाऱ्या बाईला हे ऐकून हसू यावे. पण हा युक्तिवाद हास्यास्पद म्हणून सोडून देता येत नव्हता. दाव्यात 'पूड' हा शब्द होता आणि उत्तर त्या शब्दालाच द्यावे लागणार होते. कार्यालयाने तो भेद मान्य केला नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये सर्व दावे फेटाळले गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये ते रद्द झाल्याचे प्रमाणपत्र निघाले.

येथे एका गोष्टीपाशी थांबले पाहिजे. आव्हान देताना कागदच का जोडावे लागले? कोट्यवधी घरांतील रोजचा वापर पुरेसा का नव्हता? कारण तेव्हाच्या अमेरिकन कायद्याची शब्दयोजना. शोध आधीच ज्ञात होता असे दाखवण्यासाठी तो 'या देशात' माहीत असलेला वा वापरात असलेला हवा; परदेशातील गोष्ट असेल तर तिचे पेटंट झालेले हवे किंवा ती 'छापील प्रकाशनात' वर्णिलेली हवी. भारतातील वापर, तो कितीही जुना आणि सार्वत्रिक असला, तरी या वाक्यात बसत नव्हता. आजीच्या तोंडचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे, पुस्तकात आले तरच ज्ञान, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. ही तरतूद पुढे बदलली. २०११ च्या सुधारणेनुसार १६ मार्च २०१३ पासून जगात कोठेही सार्वजनिक वापर असला तरी तो अमेरिकेतही गणला जातो. पण हळदीचे प्रकरण चालले तेव्हा निर्णायक ठरली ती ग्रंथालयांच्या कपाटांत जपलेली पाने.

युरोपचा कायदा या बाबतीत पहिल्यापासून उदार. वापर कोठलाही असो, तो सिद्ध झाला म्हणजे झाले. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी आवरण्याच्या रीतीचे युरोपीय पेटंट १९९४ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना मिळाले. त्याच्या दाव्यात तेलाचे प्रमाण ०.१ ते १० टक्के असे बांधलेले होते, पायसकारकाचे निराळे, आणि पाणी ० ते ९९ टक्के! या प्रकरणात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ व १९८६ मध्ये घेतलेल्या चाचण्यांची साक्ष पुढे आली. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. म्हैसाळ-मिरजेकडच्या शेतातली फवारणी म्युनिकच्या न्यायासनापुढे पुरावा होऊ शकते, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत व्हावयास हवी तितकी झाली नाही.

बासमतीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे, आणि त्याविषयी आजही चुकीचे बोलले जाते. राइसटेक या टेक्सासमधील कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये जे पेटंट मिळाले त्यात २० दावे होते. पहिला दावा भाताच्या रोपाविषयी होता आणि त्यात अमेरिका खंडात किंवा कॅरिबियन बेटांवर लावलेले रोप अशी प्रदेशाची अट होती. पंधरा ते सतरा हे दावे मात्र तांदळाच्या दाण्याविषयी होते. दाण्याची लांबी, सुगंधी द्रव्याचे प्रमाण, पिष्टाचा निर्देशांक, सारे आकडे दिलेले, परंतु दाणा कोठे पिकला याविषयी एक अक्षर नाही. म्हणजे पंजाबच्या शेतातला पारंपरिक दाणा त्या आकड्यांत बसला तर अमेरिकेत उतरताच तो दाव्याच्या हद्दीत. भारताने एप्रिल २००० मध्ये नेमके हे तीन दावे हेरून आव्हान दिले. कंपनीने ते मागे घेतले, मग आणखीही सोडावे लागले, आणि अखेरीस शिल्लक राहिले ते तिने स्वतः विकसित केलेल्या तीन वाणांपुरते. पेटंटाच्या मथळ्यातून 'बासमती' हा शब्द गेला. पेटंट समूळ रद्द झाले असे त्या वेळी पुष्कळांनी समजून घेतले, ते खरे नव्हे. हद्द आत ढकलली गेली, एवढेच. पण तेवढेच हवे होते.

दाव्याचा शब्द वाचावा तरी किती काटेकोर? या प्रश्नावर इंग्लंडमधील एक निवाडा प्रसिद्ध आहे. दारा-खिडक्यांवर बसवायच्या पोलादी लिंटलचे कॅटनिक कंपनीचे पेटंट होते. दाव्यात मागची पट्टी 'उभी' असावी असे म्हटले होते. प्रतिस्पर्ध्याने ती सहा ते आठ अंशांनी तिरपी केली आणि म्हटले, आमची उभी नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८० मध्ये ठरवले की गवंड्यांसाठी लिहिलेला हा शब्द गवंड्याच्या अर्थाने घ्यायचा, भूमितीच्या शिक्षकाच्या नव्हे. इतकी तिरपी पट्टी काम तेच करते, म्हणून ती उभीच. शब्दाचा अर्थ त्याच्या हेतूने ठरवावा हा विचार मीमांसकांच्या वाचकाला नवा वाटणार नाही. मात्र त्याचा गैरवापरही सहज होतो, कारण हेतूच्या नावाखाली हद्द हवी तितकी ताणता येते, आणि मग कागद वाचून सावधपणे धंदा करणाऱ्याची फसगत होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये आलेला मिरझापूरच्या भांड्यांचा खटला या बाबतीत आधारभूत मानला जातो. धातूची भांडी लेथवर घट्ट धरून घासण्याच्या युक्तीचे ते पेटंट. न्यायालयाने ते अवैध ठरवले. कारखान्यातील कुशल कारागिराला सहज सुचेल अशा सुधारणेला शोध म्हणता येत नाही, आणि नवे नेमके काय आहे हे कागदात स्पष्ट नाही, असा त्याचा मथितार्थ. दुसरे कारण लेखनाचे आहे, हे लक्षात घ्यावे.

पुण्याच्या बजाज ऑटोने दोन ठिणगी-प्लगांच्या इंजिनाच्या पेटंटावरून टीव्हीएस कंपनीशी मांडलेला वाद तर अनेकांना आठवत असेल. बजाजच्या दाव्यात नळकांड्याचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर असा बांधलेला होता. टीव्हीएसचे म्हणणे, आमच्या इंजिनात झडपा तीन आहेत, म्हणून यंत्र निराळे. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००८ मध्ये अंतरिम मनाई दिली. खंडपीठाने मे २००९ मध्ये ती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर टीव्हीएसला मोकळीक देऊन दावा लवकर निकाली काढण्यास सांगितले. तरीही वाद पुढे दहा वर्षे लोंबकळला आणि २०१९ मध्ये उभय पक्षांनी तो आपसात मिटवला. तेच शब्द, दोन न्यायासने, दोन परिणाम.

आता घराजवळ यावे. काजूच्या दिवसांत सत्तरी, डिचोली, पेडण्यातल्या भाट्या पेटतात. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. हे पेटंट नव्हे, त्याचा कायदा निराळा. परंतु शब्दांची गोष्ट तीच. नोंदणीत काजूची फेणी आली, माडाची आली नाही.

आणि फेणीहून मोलाचे असे पुष्कळ काही म्हादईच्या खोऱ्यातील गावांत अजून कोणत्याही नोंदीत नाही. पारंपरिक ज्ञानाचा जो अंकीय ग्रंथसंग्रह केंद्र शासनाने २००१ पासून उभा केला आणि जो आता परदेशी परीक्षकांनाही पाहता येतो, तो आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर आधारलेला आहे. जे ग्रंथात नाही ते त्यात कोठून येणार? २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. तीत 'अमुक झाडाचा पाला जखमेवर लावतात' असे वाक्य लिहिले गेले, तर वाचणाऱ्याचे समाधान होईल. पेटंटाच्या परीक्षकाचे होणार नाही. पाला कोवळा की जून, वाटून की रस काढून, एकटा की कशाबरोबर, ताज्या जखमेवर की चिघळलेल्या, किती दिवस, हे सर्व त्या वाक्यात असले पाहिजे. उद्या कोणी 'केवळ त्या पाल्याच्या पुडीचा' दावा केला, तर त्यातील एकेका शब्दाला तोंड देणारा शब्द नोंदीत सापडावा लागतो. एक शब्द कमी पडला की तेवढ्याच फटीतून दावा आत शिरतो. आपल्या कायद्यात पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारणारे कलम २००३ पासून अमलात आहे, तथापि ते ज्ञान पारंपरिक आहे हे दाखवायचे कशाने, हा प्रश्न तेथेही उरतोच.

याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. छापले म्हणजे पेटंटाला अटकाव होतो, पण छापले म्हणजे ते सर्वांचेही होते. कोणीही कंपनी ते वाचून औषध करू शकते आणि ज्या घराने ते पिढ्यान् पिढ्या जपले त्याच्या हाती काही लागेलच असे नाही. जैवविविधता कायद्यात लाभातील वाट्याची तरतूद आहे; ती खेड्यातल्या वैद्यापर्यंत पोचवणे हे वेगळेच काम. झाडपाल्याचे औषध देणारी जुनी माणसे मुळीचे नाव सांगत नाहीत. सांगितले की गुण जातो, म्हणतात. शिकलेल्यांनी याला अंधश्रद्धा म्हटले. दाव्यांची भाषा वाचल्यावर त्या म्हातारीच्या बोलण्यात काही व्यवहारही होता असे वाटू लागते. तिच्याकडे वही घेऊन जाणाऱ्याने हे दोन्ही तिला आधी समजावून सांगावे, आणि मग तिने ठरवावे, लिहून द्यायचे की नाही.